वेजिही ‘नाही’ म्हणाला

तोस्या, २१ नोव्हेंबर १९९५

नेझिहे,

आधीच सांगतो, घरात कुणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी मरणाचीच बातमी शोधतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिली ओळ हीच. तुझी वहिनी बेदिया बरी आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत.

वेजिही परत आला आहे.

इथे तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. त्याचं नाव मला लिहू नकोस असं तू बजावलं होतंस आणि इतकी वर्षं मी ते पाळलं. पण आता ते नाव बाजारातल्या भिंतीवर लागलं आहे, फोटोसकट. मी एकट्याने लपवून काय होणार? तो निवडणुकीला उभा आहे. आपला वेजिही. जिल्ह्याच्या यादीत पक्षाने पहिलं नाव त्याचं घातलं आहे. मी दुकानात रजईला टाके घालत होतो, तेवढ्यात शेजारचा न्हावी पेपर नाचवत आला. "झिहनी उस्ता, मिठाई काढ. भाऊ खासदार होतोय." मी पेपर वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. सुई बोटात कधी गेली कळलंच नाही. नव्या नवरीच्या रजईवर रक्ताचा डाग पडला, तो बेदियाने थंड पाण्याने काढला आणि मला दिवसभर ऐकवलं.

मला धक्का का बसला ते सांगतो. ज्याने हे गाव नकाशात बघायचंही सोडून दिलं होतं, तो इथे मतं मागणार? अंकाराला परीक्षा दिली तेव्हापासून तो पाहुणाच झाला. तेहरान झालं, बेर्न झालं, मग तुमच्या जर्मनीत कॉन्सुल झाला (त्याबद्दल मी काही लिहीत नाही), मग सोल, आणि शेवटी लिस्बनला राजदूत. त्याची कार्डं मी दुकानाच्या आरशाभोवती खोचून ठेवत असे. गिऱ्हाईक विचारायचं, हे कुठलं गाव? मला वाचता यायचं पण सांगता यायचं नाही. आई गेली तेव्हा काळ्या गाडीतून आला आणि माती कोरडी व्हायच्या आत काळ्या गाडीतून गेला.

आता चामड्याचे बूट घालून चिखलातून गावोगाव हिंडतो. परवा मला बरोबर नेलं होतं. कहवाखान्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "वेजिही बे, आमच्या भाताला वरच्या कालव्याचं पाणी कधी मिळणार?" हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा प्रश्न अनेक बाजूंनी पाहावा लागेल." म्हातारा म्हणाला, "पाहा की. पण पाणी एकाच बाजूने येतं, वरून." सगळे हसले. वेजिहीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी व्हायचे तसेच.

त्याचं बोलणं तसंच आहे. कुणाला नाही म्हणत नाही. ‘बघू या’ म्हणतो, ‘विचार करू’ म्हणतो. बेदिया म्हणते, "याला विचारलं घराला आग लागलीय का, तर म्हणेल, तशा बातम्या कानावर आल्यात."

त्याला आणलं कुणी, तर गिरणीवाल्या हाजी रेम्झीने. इथला पक्ष म्हणजे हाजी रेम्झी, हे तुला सांगायला नको. ऐंशीच्या घरातला माणूस, छाती धाप धाप करते, तरी स्वतः अंकाराला जाऊन वेजिहीचं नाव घालून आला. त्याचा मुलगा सेलामी स्वतःच गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. बापाने पोटच्या पोराला बाजूला सारलं आणि परक्यासारख्या झालेल्या माणसाला पुढे केलं. का, ते कुणालाच कळत नाही. मला तर मुळीच नाही.

वेजिही कुठे उतरला आहे ते मात्र विचारू नकोस.

मला काय हवं आहे ते तुला ठाऊक आहे. मरायच्या आधी आपण तिघं एकदा एका ताटाभोवती बसलेलं मला बघायचं आहे. बाकी तो खासदार होवो नाहीतर न्हावी.

तुझा दादा,
झिहनी


तोस्या, ५ डिसेंबर

नेझिहे,

तुझं उत्तर नाही. मीही ते येईल असं धरलं नव्हतं.

खोटं बोलून झोप लागत नाही म्हणून सांगतो, वेजिही आमच्याच घरी आहे. मागच्या खोलीत, तुझ्या. दुसरीकडे शेगडी पेटत नाही. तुझी पेटी मी हलवलेली नाही, तिच्यावर त्याला काही ठेवूही देत नाही.

हाजी रेम्झीने अंथरूण धरलं आहे. डॉक्टरने हात वर केले. काल त्याने वेजिहीला बोलावून घेतलं, एकट्याला. मी आणि सेलामी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. सेलामीने माझ्या हातावर कोलोन्याचं सुगंधी पाणी ओतलं, चहा दिला आणि कुजबुजला, "काका, माझा बाप तुमच्या भावाशी दार लावून काय बोलतो? मी काय शेजारचा आहे?" मी म्हटलं, "निवडणुकीचं असेल." तो म्हणाला, "मरणाऱ्याला कसली निवडणूक?"

वेजिही बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. घरी बेदियाने तरहानाचं सूप पुढे ठेवलं, त्यावर साय धरली तरी चमचा उचलला नाही. शेवटी मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "म्हातारा हलाल कर म्हणत होता."

म्हणजे तुझा माझ्यावर जो हक्क असेल तो सोड, मला माफ कर, म्हणत होता. मरताना आपण सगळेच मागतो ते. त्यात एवढं काय? मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग बोलू."

हे राजदूताचं उत्तर झालं. मरणाऱ्या माणसाला कुणी असं सांगतं का? माझ्या अंगावर काटा आला. आणखी काय आहे, ते तो सांगत नाही.

झिहनी


तोस्या, ९ डिसेंबर

नेझिहे,

घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. बेदिया म्हणते, उद्या लिही. उद्यापर्यंत माझं डोकं फुटेल.

काल हाजी रेम्झीचा जनाजा झाला. दुपारच्या नमाजनंतर मोठ्या मशिदीच्या अंगणात. अख्खं गाव होतं, वरच्या खेड्यांतली माणसं होती, अंकाराहून पक्षाचे लोक फुलांची चक्रं घेऊन आले होते. मयताचं ताबूत दगडावर ठेवलेलं, त्यावर हिरवं कापड. पहिल्या रांगेत मधोमध वेजिही, काळा कोट, हात पोटावर. त्याच्या डावीकडे सेलामी, उजवीकडे मी. मला पुढे त्यानेच ओढलं होतं.

इमामाने विचारलं, "मयताला तुम्ही कसं जाणत होता?"

सगळे म्हणाले, "चांगलं जाणत होतो." मीही म्हणालो. हे म्हणायचंच असतं, तू लहानपणापासून ऐकलं आहेस. माणूस कसाही असो, दगडावर ठेवला की चांगलाच.

मग इमामाने विचारलं, "तुमचा याच्यावर जो हक्क असेल तो हलाल करता का?"

सगळे म्हणाले, "हलाल असो." मीही म्हणालो. तोंडातून आपोआप निघतं.

दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा सगळे म्हणाले. आणि तो आवाज खाली बसला न बसला, तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव सांगावा तसं म्हणालं, "मी करत नाही."

मला वाटलं माझ्याच डोक्यात आवाज झाला. मान वळवून पाहिलं. वेजिही होता. डोळे ताबूतावर. इमामाने मान वर केली आणि विचारलं, "काय म्हणालात, बे?" इमाम बिचारा तरुण आहे, त्याला वाटलं असेल की आपण चुकीचं ऐकलं, सावरायला जागा द्यावी. वेजिहीने पुन्हा सांगितलं, यावेळी मागच्या रांगांनाही ऐकू गेलं. "माझा हक्क मी सोडत नाही. मी नाही म्हणतो."

नेझिहे, इतकी माणसं, आणि कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. या वयापर्यंत मी किती जनाजे पाहिले असतील, पण असं कुणी बोललेलं ना पाहिलं, ना ऐकलं. लोक मनात ठेवतात, येत नाहीत, मागे उभे राहून ओठ मिटून घेतात. पहिल्या रांगेत उभं राहून, तोंडावर, आणि तेही ज्याने उमेदवारी दिली त्याला? इमाम तिसऱ्यांदा विचारायचंच विसरला. नमाज उरकला. ताबूत उचलताना वेजिही खांदा द्यायला पुढे झाला तर सेलामीने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू नाही."

मी मधल्या मध्ये उभा होतो. कुठल्या बाजूने चालायचं तेच कळेना. शेवटी बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून मागे राहिलो.

घरी आल्यापासून तो तुझ्या खोलीत आहे. बेदिया रडते आहे. मी तुला लिहितो आहे.

झिहनी


१३ डिसेंबर

नेझिहे,

आता कळलं. बसून वाच.

परवा सेलामी आला. मयताच्या घरचा हलवा दारोदार वाटतात ना, आमच्या दारी आला नव्हता, त्यावरूनच बेदियाने ओळखलं होतं. सेलामी उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. "काका, मी इमामाला विचारून आलोय. माणसाचा माणसावरचा हक्क अल्लाहसुद्धा सोडत नाही, ज्याचा त्यानेच सोडायचा. माझा बाप तिकडे अडकून पडलाय. तुमच्या भावाचं असं काय खाल्लं होतं त्याने?"

वेजिही आतून बाहेर आला. मोजे घातलेले, केस विस्कटलेले. म्हणाला, "आत ये, सेलामी. तुझ्या वडिलांनी मला जे सांगितलं ते तुलाही कळायला हवं. दादालाही."

मग त्याने सांगितलं. लष्कराने सत्ता घेतली त्या वर्षी मुअम्मेर गुरुजींचं नाव चौकीवर जाऊन कुणी दिलं, ज्यापायी तुम्हा दोघांना देश सोडावा लागला, हे आपल्याला कधी कळलं नव्हतं. ते हाजी रेम्झीने दिलं होतं. तुझे मालक गिरणीतल्या हमालांना संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवत, आणि हमाल प्रश्न विचारायला लागले होते, म्हणून. एवढ्याने काम होईना, तर त्याने वर जोडलं, की याचा मेहुणा परराष्ट्र खात्यात आहे, तोच याला बाहेरून पुस्तकं पाठवतो. ते वेजिहीच्या साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं, बहीण हवी की नोकरी?

म्हातारा मरताना वेजिहीला म्हणाला म्हणे, "मी तुला यादीत पहिला घातला, आता तरी फिटलं ना?"

मी हे ऐकत होतो. मी त्याच माणसाकडून वर्षानुवर्षं तांदूळ आणला. ईदला त्याच्या हाताला ओठ लावले. गेल्या आठवड्यात त्याच्या ताबूतासमोर दोनदा ‘हलाल असो’ म्हणालो.

सेलामीने चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "हे खरं असेल तर हक्क गुरुजींचा आणि नेझिहे आत्याचा. तुमचा कुठला? तुम्ही तर नोकरी ठेवली."

मला वाटलं, आता वेजिही म्हणेल, अनेक बाजूंनी पाहावं लागेल. तो म्हणाला, "बरोबर आहे. गुरुजी तिकडे वारले तेव्हा त्यांना इथे आणून पुरण्याचा कागद माझ्या टेबलावर होता. मी सही केली नाही. महिनाभर तसाच ठेवला, मग नेझिहे विचारायला यायची बंद झाली. तो भित्रेपणा माझा, त्याचा हिशोब तुझ्या बापाच्या नावावर मी टाकत नाही. पण मला एक बहीण होती, सेलामी. ती त्याने माझ्यापासून तोडली. तो हक्क माझा आहे. तो मी सोडत नाही. तिचा हक्क ती जाणे."

सेलामी उठला. दारात मला म्हणाला, "काका, आत्याला लिहा. तिने तरी काय ते सांगावं. हो म्हणाली तरी चालेल, नाही म्हणाली तरी चालेल. आईला रात्र रात्र झोप नाही."

म्हणून लिहिलं. तुझ्यावर जोर नाही.

अंकाराहून पक्षाचा माणूस आला होता. वेजिहीला म्हणाला, "साहेब, एक निवेदन काढू. तुम्हाला त्या दिवशी ताप होता, भ्रमात बोललात." वेजिहीने विचारलं, "माझा हात पाहा बरं, गरम आहे?" त्याने खरंच हात धरून पाहिला, आणि मग वेड्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

झिहनी


२७ डिसेंबर

नेझिहे,

तो पडला. चांगलाच आपटला. ज्या मोहल्ल्यात आपण जन्मलो तिथेही कुणी त्याला मत दिलं नाही. बेदियाने दिलं असं ती म्हणते, मी विश्वास ठेवतो. कहवाखान्यात आम्ही गेलो की पत्ते खेळणारे पत्ते खाली ठेवतात. न्हाव्याने विचारलं, "उस्ता, तुमच्याकडे मेलेल्यावरसुद्धा दावा लावतात का? मग मी तुमची दाढी जपूनच करतो." मी हसलो नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं आहे. थंडी वाढली की येतील, रजई कुणाला चुकते?

वेजिही सकाळी उठून लाकडं फोडतो. वाकडी फोडतो. बेदिया काही बोलत नाही, हे पाहून मला जास्त भीती वाटते.

आणि आज तुझं पाकीट आलं. किती वर्षांनी. मला वाटलं, सेलामीला उत्तर असेल. मला वाटलं, मला शिव्या असतील. आत एकच ओळ. ‘त्याला विचार, मुअम्मेरची कबर कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे का.’

मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. माझंच चुकलं, हातात द्यायला हवं होतं. तो कुऱ्हाड घेऊन दारात उभा होता. ती त्याने भिंतीला टेकवली आणि खाली पायरीवर बसला. त्याला ठाऊक नव्हतं. शहराचं नावसुद्धा चुकलं. जग फिरलेला माणूस, राजांच्या पंगतीला बसलेला, आणि ज्या देशात तो कॉन्सुल होता त्याच देशातली ती जागा त्याला सांगता आली नाही. मला ठाऊक होती, मी कधी त्या देशात पाऊल ठेवलं नाही तरी. तूच लिहिलं होतंस, रेल्वेच्या रुळांपलीकडे, बर्चच्या झाडाखाली.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तू मला विचारायला सांगितलंस, सांगायला नाही. म्हणून थांबलो आहे. पण तो रोज मागतो. जेवताना मागतो, शेगडीत लाकूड सारताना मागतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाला माझ्याकडून काहीतरी हवं आहे, आणि मी ते मुठीत धरून बसलो आहे. मला हे सोसत नाही.

झिहनी


तोस्या, १६ जानेवारी १९९६

नेझिहे,

रमजान तोंडावर आला, तुझं काही उत्तर नाही. मी रोज पोस्टमनच्या सायकलीकडे बघतो आणि तो रोज लांबूनच हात हलवतो.

काल मी वेजिहीला जागा सांगितली. रूळ, बर्च, सगळं. तुला न विचारता. तू सांगू नको असं लिहिलं नव्हतंस, हे मी मनात घोकून ठेवलं आहे, तू रागावलीस तर म्हणायला.

मधल्या काळात तो अंकाराला जाऊन आला. खात्यातल्या जुन्या लोकांकडे गुरुजींना इकडे आणायच्या परवानगीसाठी गेला होता. जे त्याच्या हाताखाली शिकले त्यांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं, चहा पाजला, आणि सांगितलं, "बघू या, साहेब." परत येऊन त्याने मला हे सांगितलं आणि हसला. असा हसला की मी शेजारच्या खोलीत गेलो. पण तो पुन्हा गेला, पुन्हा बाकावर बसला, आणि कागद घेऊनच आला. मी विचारलं, आता पुढे काय? म्हणाला, "दादा, कागद तिचा आहे. आणायचं की तिथेच राहू द्यायचं, ते ती ठरवेल. फाडून टाकला तरी मी दुसरा आणीन. मला आधी कबरीपाशी जायचं आहे." सेलामीला मी सांगून ठेवलं आहे, आत्याला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, तोवर तुझ्या आईला जप. तो म्हणाला, "बरं काका." आणि जाताना माझा हात हातात घेऊन ओठांना आणि कपाळाला लावून गेला. मी दार लावलं आणि रडलो.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. पाकिटावर तिकीट नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. हे तू वेजिहीच्या हातून घेतलं आहेस. म्हणजे दार तू उघडलंस, निदान हात बाहेर येईल इतकं. नंतर बहुतेक लावून घेतलं असशील आणि आता उभ्यानेच वाचत असशील. मी त्याला सांगून ठेवलं आहे, आत ये असं तिने म्हणेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, बेल पुन्हा वाजवायची नाही, आणि काही झालं तरी भाषण करायचं नाही.

तेव्हा तो तिथेच आहे, जिन्यात. टोपी घालत नाही, मी सांगून थकलो.

झिहनी